खरूबाच्या झाडावरचा शेख

पक्ष्यांच्या बाबतीत मला काही शिकवू शकेल असा माणूस अख्ख्या बेजायात नाही. उगाच बढाई मारत नाही. चौतीस वर्षं इथल्या बंदरात क्रेन चालवली मी. जमिनीपासून चाळीस मीटर उंच, काचेच्या खोलीत एकटा बसणारा माणूस दिवसभर काय बघणार? समुद्रपक्षीच बघणार! माझ्या काचेवर त्यांनी चौतीस वर्षं काय काय केलं ते सोडा, पण त्यांची आणि माझी तोंडओळख पक्की होती.

म्हणून सेतीफहून लेकीचा, लिंडाचा फोन आला की "बाबा, मी तुमचं नाव पक्षिनिरीक्षणात घातलंय, नवशिक्यांच्या गटात," तेव्हा मी इतका हसलो की पिंजऱ्यातला शेख गायचा थांबला.

"नवशिक्या? मी?"

"बाबा, आई गेल्यापासून तुम्ही फक्त त्या पक्ष्याशी बोलता. शेजारच्या मावशी सांगत होत्या, त्याला पेपर वाचून दाखवता म्हणे."

मी म्हटलं, सगळा नाही, फक्त फुटबॉलचं पान. त्यावर ती गप्प झाली. माझी लेक गप्प झाली की ती रडते आहे असं समजायचं, हे तिच्या आईने मला शिकवून ठेवलंय. मी लगेच कबूल झालो. दर शुक्रवारी सकाळी सात वाजता, गुराया डोंगराच्या पायथ्याशी, फाटकाजवळ.

आता शेख कोण ते सांगतो. शेख म्हणजे आमचा मकनीन. मुठीत मावेल एवढा पक्षी, तोंड लालभडक, पंखावर पिवळी पट्टी. आमच्याकडे ज्याच्या घरी मकनीन नाही त्याचं घर मुकं समजतात. न्हाव्याच्या दुकानात मकनीन, चहाच्या दुकानात मकनीन, आणि लग्नाच्या मुलीपेक्षा मकनीनची चौकशी जास्त. आमच्या पक्ष्याला शेख हे नाव नुआराने, माझ्या बायकोने ठेवलं. लग्नात गाणारे जुने गवई असतात ना, ज्यांना आम्ही शेख म्हणतो, आधी घसा साफ करणार, मग इकडेतिकडे बघणार, सगळे कंटाळले की मग तोंड उघडणार, तसाच हा होता.

नुआरा मला जेवायला बोलवायची ती शिट्टी वाजवून. बाईमाणसाने शिट्टी वाजवू नये असं तिची आई जन्मभर सांगत राहिली. पण नुआराचे हात कुसकुसच्या परातीत असायचे आणि मी बाल्कनीत बसून खाली रस्त्यावरच्या कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत असायचो. दहा हाकांना न उठणारा नवरा शिट्टीला उठतो, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. तीन सूर. दोन खाली, एक वर. शेखने ते उचलले. लांबलचक गाणं म्हणायचा आणि शेवटी ते तीन सूर लावायचा. मग मी कधी कधी स्वयंपाक व्हायच्या आधीच पानावर येऊन बसायचो आणि नुआरा हसून हसून बेजार व्हायची.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. पोटाचं दुखणं निघालं, अडीच महिन्यांत संपलं. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, पाहुणे गेले, लिंडा गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाल्कनीत बसलो होतो आणि आतून तीन सूर आले. मी उठलो, हात धुतले, पानावर येऊन बसलो. बसल्यावर आठवलं. तो दिवस कसा काढला ते मला सांगता यायचं नाही.

तिचे फोटो भरपूर आहेत. मोबाइलमध्ये लग्नकार्यातले व्हिडिओही आहेत, पण त्या सगळ्यांत ती दिसते आणि बोलतो मी. "बेलाईद, जरा दुसऱ्यालाही बोलू द्यावं," असं ती म्हणायची. आता तिचा आवाज म्हणून माझ्याकडे जे काही होतं ते शेखच्या गळ्यात होतं. एवढं ध्यानात ठेवा, बाकी सगळी गंमतच आहे.

आमच्याकडे शुक्रवारी सकाळी मकनीनला हवा खायला नेतात. पिंजऱ्यावर पांढरं कापड टाकायचं, हातात लटकवायचं आणि चहाच्या दुकानासमोरच्या झाडाला टांगायचं. शुक्रवारी हिरवं बघितलं की पक्षी आठवडाभर गातो. नुआराने एक शुक्रवार चुकू दिला नव्हता. तेव्हा मी विचार केला, पक्ष्यांच्याच कार्यक्रमाला जायचंय तर पक्षी घरी कशाला ठेवायचा? उलट तिथे माझा मान वाढेल! म्हणून पहिल्या शुक्रवारी डाव्या हातात पिंजरा, गळ्यात जावयाची दुर्बीण, अशा थाटात मी निघालो.

फाटक वीस पावलांवर आलं आणि मला आवाज ऐकू आला. आठ-नऊ माणसं उभी होती आणि त्यांच्यासमोर एक ठेंगणी मुलगी बोलत होती. ती तासादित. शाळेत जीवशास्त्र शिकवते, वयाने लिंडाएवढी, आणि आवाज असा की चाळीस पोरांचा वर्ग जागच्या जागी गोठावा. ती नियम सांगत होती. चालताना बोलायचं नाही. शिट्टी तर अजिबात वाजवायची नाही, पक्षी फसतात. आणि तिसरं म्हणजे, "ज्याच्या घरी पिंजरा आहे त्याने इथूनच परत जावं. या डोंगरावर एकेकाळी झाडागणिक मकनीन होते. आज एक नाही. ते सगळे आपल्या बाल्कन्यांमध्ये आहेत."

मी तसाच वळलो. फाटकापासून जरा आड, डोंगराच्या मागच्या बाजूला एक पडकी भिंत आहे, तिच्या पलीकडे खरूबाचं जुनं झाड आहे, पानांनी गच्च. पिंजरा त्यात उंच टांगला. कापडाचा एक कोपरा उघडा ठेवला, कारण नुआरा तसाच ठेवायची, त्याला घुसमटायला नको म्हणून. शेखला सांगितलं, दोन तास गप्प बस, आलोच. मग रिकाम्या हातांनी, आयुष्यात पिंजरा पाहिला नाही असा चेहरा करून, मी गटात जाऊन उभा राहिलो.

निरीक्षणाला सुरुवात केली ती मीच. पहिल्या दहा मिनिटांत बगळा दाखवला. सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या. ती प्लास्टिकची पिशवी होती. मी म्हटलं, पांढरी होती की नाही? मग दुर्बिणीतून डोंगर एकदम मैलभर लांब गेला, तेव्हा तासादितने माझ्या हातातून ती घेऊन उलटी करून परत दिली. पुढे ससाणा खरोखर मलाच आधी दिसला, पण तो कुठे आहे हे सांगताना मी बंदरातलंच बोलून गेलो: "डावीकडे घ्या, आणखी डावीकडे, खाली, खाली, हळू, बास, सोडा!" मी 'सोडा' म्हटल्यावर सगळ्यांनी दुर्बिणी खाली केल्या. ससाणा गेला. तासादितने कपाळाला हात लावला. तिथून खाली येईपर्यंत मला सात वेळा "शूऽऽ" ऐकावं लागलं. शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस, पहिल्या दिवशी मला अकरा वेळा म्हणाली होती.

हे म्हातारबाबा म्हणजे दा मुहूब; वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे 'दा' म्हणतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे न्हावी, हातात काठी. तरुणपणी त्यांनी याच डोंगरावर चिकट काड्या लावून मकनीन पकडले. दुकानात साठ पिंजरे होते त्यांच्या. त्यांच्या हिशोबाने जन्मात नऊ हजार पक्षी विकले. मग एका वर्षी काड्या लावल्या आणि एकही पक्षी आला नाही, पुढच्या वर्षीही नाही. आता सहा वर्षं दर शुक्रवारी ते इथे येतात, एखादा तरी ऐकू येईल म्हणून. चालताना ते दुर्बीण लावत नाहीत, नुसते कान देऊन असतात.

ते ऐकताना मला खरूबाचं झाड आठवलं आणि पाठीला घाम फुटला. पण त्या दिवशी परतीची वाट दुसरी होती. सगळे पांगल्यावर मी पिंजरा उतरवून घरी आलो. शेख असा गायला की शेजारच्या मावशी बाल्कनीत आल्या. शेवटी तीन सूर. मीही बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. खोटं कशाला बोलू, मला ते शुक्रवार आवडायला लागले होते.

घोटाळा झाला दुसऱ्या शुक्रवारी, आणि तो माकडांनी केला. गुरायावरची माकडं म्हणजे गुंडांची टोळी आहे. परतीच्या वाटेवर त्यांनी आमच्यातल्या एका बाईंची भाकरीची पिशवी हिसकावली आणि वाट अडवून जेवायला बसली. तासादित म्हणाली, आपण मागच्या बाजूने उतरू. मागची बाजू म्हणजे पडकी भिंत, पडकी भिंत म्हणजे खरूब. मी म्हटलं, मी माकडांशी बोलून बघतो. कुणी ऐकलं नाही.

शंभर पावलं अलीकडेच शेखने घसा साफ केला.

दा मुहूब थांबले. त्यांनी काठी सोडून दिली. मला वाटलं त्यांना काही झालं, मी धरायला धावलो, पण ते स्वतःच हळूहळू मातीत बसले आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस हमसून हमसून रडत होता. "एकवीस वर्षं," एवढंच म्हणाले. तासादितच्याही डोळ्यांत पाणी आलं.

मी खरं सांगणार होतो. देवाशपथ तोंड उघडलं होतं. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे सांगण्यासारखं काही होतं, आणि तासादितने माझ्या तोंडावर हात ठेवला. "शूऽऽ, दा बेलाईद, आत्ता नाही!"

मग त्या लोकांनी जवळ जायचं ठरवलं, आणि मला खोकला आला. असा खोकला मला न्युमोनियातही आला नव्हता. शेख गप्प झाला. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला दरीत ढकललं असतं तरी कुणी चौकशी केली नसती. तासादितने वहीत लिहिलं: मकनीन, एक, आवाजावरून, एकवीस वर्षांनी. सगळ्यांनी खाली सह्या केल्या. मीही केली.

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. दा मुहूब ज्याची दाढी करतील त्याला सांगायचे. मंगळवारी मंडईत त्यांनी मलाच गाठलं. हात धरून म्हणाले, "बेलाईद, या आठवड्यात मला झोप लागली बघ. नऊ हजार पकडले मी. वर गेल्यावर विचारतील तेव्हा काय सांगणार होतो? आता सांगता येईल, एक उरला म्हणून." आणि माझ्या हातात डाळिंबांची पिशवी कोंबली. मी ती घेतली. काय करणार होतो?

घरी येऊन विचार केला. शेखला यापुढे नेलंच नाही तर? म्हातारा पुढच्या शुक्रवारी झाडाखाली कान लावून बसणार, आणि आवाज येणार नाही. ते मला बघवलं नसतं. शेवटी ठरवलं, आणखी एकच शुक्रवार, फक्त दा मुहूबसाठी. त्यानंतर मकनीन स्थलांतर करून गेला असं सांगायचं. स्थलांतर हा शब्द मी मागच्याच आठवड्यात शिकलो होतो आणि तो कुठेतरी वापरायचाच होता.

तिसऱ्या शुक्रवारी फाटकापाशी चाळीस माणसं! कुणी भाऊ आणला होता, कुणी सासू. मी पहाटेच येऊन पिंजरा टांगून गेलो होतो, नेहमीपेक्षा उंच, पानांत अगदी खोल. तासादितने सगळ्यांना दम दिला आणि आम्ही सरळ खरूबाकडेच निघालो. योजना अशी होती की भिंतीच्या अलीकडे बसायचं, ऐकायचं आणि निघायचं. जवळ जायचं नाही असं मीच सुचवलं होतं आणि तासादितने सगळ्यांसमोर मला शाबासकी दिली होती.

भिंतीपाशी पोचलो आणि सगळ्यांनी वर बघितलं. खरूबाच्या फांदीवर एक थोराड माकडीण बसली होती. तिने माझं पांढरं कापड डोक्यावरून अंगभर घेतलं होतं, आमच्या आज्या बाहेर पडताना घ्यायच्या तसं, एक डोळा तेवढा उघडा. आणि तिच्या शेजारी, सकाळच्या उन्हात, उघडा पिंजरा लटकत होता.

शेख चाळीस माणसं बघून खूश झाला आणि गायला लागला.

माझ्या मनात आलं, संपलं. पण पिंजरा माझा असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही! दा मुहूब काठी टेकत पुढे झाले, वर बघितलं आणि त्यांचा चेहरा काळवंडला. म्हणाले, हा बोलावणारा पक्षी आहे. याला झाडात टांगतात, हा गातो, आणि रानातला दुसरा पक्षी त्याला भेटायला येतो आणि काड्यांना चिकटतो. "मी शेकडो वेळा टांगलेत. कुणीतरी आपल्या पक्ष्यावर टपलंय."

मग जो काय गदारोळ झाला! एक जण म्हणाला, तंगडी तोडली पाहिजे त्याची. एकाने वनखात्याला फोन लावला. कुणाची तरी सासू शाप द्यायला लागली, अख्खं घराणं उद्धरत. आणि मी? मीही म्हटलं, "असल्या लोकांना सोडता कामा नये." अगदी ठासून म्हटलं. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला लाजही नव्हती.

एका तरुणाने झाडावर चढून पिंजरा उतरवला. माकडीण कापड घेऊन पळाली. पिंजरा दगडावर ठेवला. शेखने गोल फिरून सगळ्यांना बघितलं, मग मला बघितलं आणि माझ्या बाजूच्या काडीवर येऊन बसला. रोज बसायचा तसाच.

तासादित म्हणाली, याला सोडून देऊ. इथेच, आत्ताच.

दा मुहूब म्हणाले, "मला उघडू दे, पोरी. नऊ हजार वेळा दार लावलंय. एकदा उघडू दे."

काही जणांनी फोन काढून धरले. मी तिथेच, पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर होतो. एक वाक्य बोलायचं होतं. हा माझा आहे. तीन शब्द, माझ्यासारख्या माणसाला जड नाहीत. पण बोललो असतो तर रानातला मकनीन गेला असता, दा मुहूबची झोप गेली असती, वहीतली ओळ खोडावी लागली असती. हे मी तुम्हांला मोठेपणासाठी सांगत नाही. खरं म्हणजे मला लाज वाटली. चाळीस माणसांसमोर, शाप देणाऱ्या त्या बाईसमोर, माझं तोंडच उघडेना. मोठेपणा किती आणि लाज किती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दा मुहूब दार ओढायला लागले. दार उघडेना. त्या दाराची कडी मोडली होती, म्हणून नुआराने ते निळ्या लोकरीने बांधलं होतं. तिची ती खास गाठ, दोनदा फिरवून आतून ओढलेली. तिच्याशिवाय ती फक्त मला सुटायची.

"कात्री आहे का कुणाकडे?" तासादितने विचारलं.

कात्री म्हटल्यावर मला राहवेना. "कापू नका," मी म्हटलं. "द्या इकडे."

मी खाली बसलो आणि गाठ सोडवली. सोडवली, कापू दिली नाही. लोकरीचा तुकडा बोटाला गुंडाळून ठेवला. तासादित म्हणाली, दा बेलाईद, तुम्हांला गाठी छान येतात. मी म्हटलं, बंदरातला माणूस ना. दा मुहूब पुढे वाकले. ते गाठीकडे बघत होते की माझ्या हाताकडे, मला कळलं नाही. मग त्यांनी दार उघडलं.

शेख हलला नाही. दाराकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा. मी मनात म्हणत होतो, बस तिथेच, शहाण्या, बस. रानात तुला सफरचंद कोण चिरून देणार आहे? लोक "जा, जा" म्हणायला लागले. तो उड्या मारत दारात आला, उंबऱ्यावर बसला आणि घसा साफ केला. आणि गायला. सगळं गाणं गायला, लांबलचक, एक तान न चुकवता. त्या डोंगरावर पानही हललं नसेल. सगळ्यात शेवटी त्याने ते सूर लावले.

"हे शेवटचं काय?" दा मुहूब हळूच म्हणाले. "असं मी कुठल्या पक्ष्यात ऐकलं नाही."

आणि माझ्यातला मूर्ख जागा झाला. "जेवायला बोलावतोय!" मी म्हटलं. सगळे हसले. चाळीस माणसं एकदम हसली, आणि त्या आवाजाला घाबरून शेख उडाला. आधी खरूबावर, मग त्यापलीकडच्या उंच झाडावर, मग नुसता एक ठिपका, मग तोही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दा मुहूब रडत होते. मीही टाळ्या वाजवत होतो, माझे हात थांबतच नव्हते.

घरी गेलो. बाल्कनीत रिकामा हूक होता. शुक्रवार म्हणून शेजारच्या मावशींनी कुसकुस पाठवलं होतं. ते मी चार वाजता खाल्लं, कारण जेवायची वेळ झाली हे मला कुणी सांगितलंच नाही. संध्याकाळी लिंडाचा फोन आला. काय काय बघितलं, तिने विचारलं. मी म्हटलं, एक पक्षी बघितला. ती म्हणाली, फक्त एक? मी म्हटलं, नवशिक्या आहे मी. मग ती शेखबद्दल विचारायला लागली. मी म्हटलं, स्थलांतर केलंय त्याने. तिला वाटलं मी गंमत करतोय. मग मीच गप्प झालो, आणि मी गप्प झालो की काय समजायचं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण समजलं तिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आली आणि चार दिवस राहिली.

पिंजरा तासादितच्या शाळेत आहे, प्रयोगशाळेच्या कपाटात. खाली चिठ्ठी लावलीय: 'पक्षी पकडणाऱ्या गुन्हेगाराचा पिंजरा.' मुलांना दाखवते ती. दा मुहूब अजून दर शुक्रवारी येतात आणि खरूबाखाली बसतात. हल्ली ते माझ्याकडून दाढीचे पैसे घेत नाहीत. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी तासादितने फोनवर शेखचं गाणं टिपलं होतं. मी ते मागून घेतलं. हात धुऊन, दार लावून, बाल्कनीत बसून लावलं. सगळं स्वच्छ आलंय, घसा साफ केलेलासुद्धा. गाणं संपतं. मग पहिला सूर येतो, अगदी तिचाच. पुढच्या दोन सुरांच्या जागी एक माणूस मोठ्याने म्हणतो, "जेवायला बोलावतोय!" आणि सगळे हसतात. दा मुहूबनी आधी विचारलं आणि मग मी बोललो असं मला आठवत होतं, ते चुकीचं होतं. त्यांचा प्रश्न माझ्या नंतर आहे. मी सूर संपायचीही वाट बघितली नव्हती.

अजूनही दर शुक्रवारी मी सगळ्यांच्या आधी फाटकापाशी असतो. मान वर, कान उघडे, तोंड बंद. डोंगर चढून उतरेपर्यंत मी एक शब्द बोलत नाही. पोचल्यापासून घरी जाईपर्यंत नाही. कोण जाणे, कुठून तरी दोन सूर राहिलेले ऐकू येतील. परवा तासादितने नव्या लोकांना नियम सांगताना मला पुढे उभं केलं आणि म्हणाली, "शांत कसं राहायचं ते दा बेलाईदांकडून शिका."

हे ऐकायला नुआरा हवी होती. तिचा विश्वास बसला नसता.